कशावर ट्रिप झालं?

कराडात एका घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, सूनबाईंचा डीटीपीचा छोटा धंदा चालायचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, अधूनमधून एखादी स्मरणिका. कॉम्प्युटर २०१० सालचा, कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० रोजी रामराम ठोकला, पण सूनबाईंचं त्यावाचून काही अडलं नाही. पेजमेकर, मराठी फॉन्ट, इतक्या वर्षांत साठलेले पत्रिकांचे नमुने, सगळं त्याच मशीनवर होतं. नव्या मशीनवर ते जसंच्या तसं चालेल अशी हमी कुणी देईना.

एप्रिलात, ऐन लग्नसराईत, हे मशीन मध्येच बंद पडू लागलं. निळा पडदा नाही, सूचना नाही. वधूपित्याचं नाव टाइप होतंय तोवर स्क्रीन काळी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला पोरगा म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारला. त्यात डेस्कटॉपवर ठेवलेली एका शाळेची अर्धी स्मरणिका गेली आणि दुसऱ्या दुपारी मशीन पुन्हा बंद. मग मेकॅनिक आला. त्याने डबा उघडला, "एसएमपीएस गेलाय" म्हणाला, वीजपुरवठ्याचा तो भाग नवा बसवून पैसे घेऊन गेला. पुढचा आठवडाभर मशीन एकदाही बंद पडलं नाही, तेव्हा मेकॅनिकचं घरभर कौतुक झालं. नंतर आत पाल शिरेल या भीतीने सूनबाईंनी डब्याचा उघडा राहिलेला बाजूचा पत्रा लावून टाकला. दुसऱ्याच दिवशी पहिले पाढे पंचावन्न. पत्र्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटचं औषध घेतलं त्यानेच गुण आला, असं धरून चालायची आपली जुनी खोड.

सासरे अण्णा हे सगळं झोपाळ्यावरून बघत होते. त्यांची नोकरी वीज मंडळात गेली, १३२ केव्ही सबस्टेशनला ऑपरेटर म्हणून. तासातासाला लॉगशीट भरायची: व्होल्टेज, लोड, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान. कॉम्प्युटरमधलं त्यांना चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कशावर ट्रिप झालं?"

"कशावर म्हणजे, अण्णा?"

"अगं, ब्रेकर आपोआप पडत नाही. रिले त्याला पाडतो. कोणत्या रिलेचा फ्लॅग पडलाय ते बघायचं, लिहून ठेवायचं, मगच लाइन पुन्हा चार्ज करायची. तुम्ही आल्या आल्या बटण दाबता."

पोराने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणांची रांग: कर्नेल-पॉवर ४१, खाली ६००८. अर्थ विचारल्यावर तो म्हणाला, "आजोबा, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, असं म्हणतंय."

"ते आपल्यालाही माहीत आहे. का, ते लिहिलंय का?"

नव्हतं. ती नोंद मशीन पुन्हा उठल्यावर पडते. वीज जाताना विंडोजला लिहायला उसंतच मिळत नाही. हा पंचनामा झाला, कारण नव्हे.

मग अण्णांनी जुन्या डायरीत रकाने आखले. सूनबाईंनी कुरकुरत का होईना, ते भरले. एका दिवसाचं पान असं: १०.०५ चालू. ११.४० बंद, टायपिंग. ११.४२ चालू. ११.५१ बंद. १२.४५ चालू. २.०० बंद, पीडीएफ करताना. शेवटच्या रकान्यात पाण्याची मोटर चालू होती की नाही.

पानं भरत गेली तसे संशयित गळत गेले. मोटर चालू असताना मशीन एकदाही पडलं नव्हतं, तेव्हा व्होल्टेजवरचा आळ गेला. पडल्यावर लगेच चालू केलं तर दहा मिनिटांत पुन्हा पडायचं, तासभर थांबलं तर तास-सव्वा तास टिकायचं. "गरम होतंय," अण्णा म्हणाले. "तेल तापलेल्या ट्रान्सफॉर्मरची शीट अशीच दिसते."

खात्री करायला पोराने मशीन विंडोजमध्ये जाऊच दिलं नाही. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये थांबवलं आणि हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडलं. बारा व्होल्टची लाइन ११.९ वर हलत नव्हती. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत घाबरायचं कारण नाही. सीपीयूचं तापमान मात्र चढत होतं. पोरगा आकडा वाचायचा, अण्णा लिहायचे: ६८, ७५, ८४, ९१. मशीन बंद. विंडोज सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे व्हायरसलाही माफी मिळाली.

इथे पोराला एक युक्ती सुचली. त्याच पानावर 'शटडाउन टेंपरेचर' असा पर्याय होता. "आजोबा, हे डिसेबल करू. बंदच पडणार नाही."

झोपाळा थांबला. "ट्रिप बायपास करून चार्ज केलेला ट्रान्सफॉर्मर मी जळताना पाहिलाय," अण्णा म्हणाले. "बंद पडलं म्हणून ते अजून जिवंत आहे. त्याचं तोंड बांधू नकोस. ते काय सांगतंय ते बघ."

आणि खरं सांगायचं तर त्या युक्तीचा उपयोगही नव्हता. अशा इंटेल प्रोसेसरच्या आतच एक शेवटची मर्यादा असते. ती गाठली की बायोसला न विचारता वीज तोडली जाते.

प्लग काढून डबा उघडला. पंखा बोटाने फिरवला तर मोकळा फिरत होता, आणि मेकॅनिकने तो चालू बघूनच पुढचं पाहिलं नसावं. पंखा काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ आणि केसांचा जाड थर निघाला. पंखा फिरत होता, पण वारा आत उतरत नव्हता. त्यात हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या चार पिनांपैकी एक सुटून वर आलेली, म्हणजे तो कोपरा प्रोसेसरपासून किंचित उचललेला. या जातीच्या कूलरचं हे दुखणं मेकॅनिक मंडळींना चांगलं ठाऊक असतं. दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून तिचा खडूसारखा भुगा झाला होता. पत्रा उघडा असताना खोलीतली हवा कशीबशी पोचत होती, तेवढ्यावर तो आठवडा निभावला.

रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली, नवी डाळीच्या दाण्याएवढी लावली, चारही पिना 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबल्या. पुन्हा बायोस. अर्ध्या तासाने आकडा ५४ वर थांबला. पत्रा लावला, तरी ५७.

जुना एसएमपीएस तपासून घेतला, तो ठणठणीत निघाला. दुकानदार नवा परत घेईना. स्मरणिका पुन्हा टाइप करावी लागली. त्याचे पैसे सूनबाईंनी शाळेकडे मागितले नाहीत.

तुमच्या घरी असं मशीन असेल तर आधी फायली दुसरीकडे उतरवून घ्या, मग वही काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका चार्ज उरलेला असू शकतो.