आपण जिंकलो, ते हरले

मोठी स्पर्धा जवळ आली की आपल्या घराघरांतून एक ठराविक वाद सुरू होतो. शब्बाथ सरल्यावर चार मंडळी जमतात, चहाबरोबर चिवड्याची बशी फिरते आणि कोणीतरी तोंड फोडतो, "या खेपेला संघ फॉर्मात नाही." एक जण मान डोलावतो, दुसरा तावातावाने खोडून काढतो. बचाव कच्चा आहे, आघाडीला धार नाही, प्रशिक्षकाला माणसांची पारख नाही, कर्णधाराचे पाय जड झाले! ज्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही, तेही अकरा जणांची यादी घडाघडा सांगतात.

आम्ही हे वाद पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत, आणि खरे सांगायचे तर त्यांत भागही घेत आलो आहोत. ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. संघ जिंकला की बोलणारा म्हणतो, "आपण जिंकलो." हरला की तोच म्हणतो, "ते हरले." विजयात वाटा मागायचा आणि पराभवाच्या वेळी अंग काढून घ्यायचे, हे कितपत न्यायाचे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण थोडे खोलात गेले तर तो खेळापुरता राहत नाही.

आपल्या मायबोलीने यासाठी दोन शब्द दिले आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. आपल्या मुलानातवंडांच्या हिब्रूत दोन्हींना एकच 'अनाख्नू'. म्हणून ज्याला मराठी येते त्याची जबाबदारी अधिक. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे त्याला बोलता बोलता ठरवावे लागते.

१९७० सालची गोष्ट. इस्राएलचा संघ प्रथमच जागतिक करंडकाच्या मुख्य स्पर्धेसाठी मेक्सिकोला निघाला होता. तो योग पुढे पुन्हा आलेला नाही. डिसेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाला रामत गानला १-० असे हरवून आणि सिडनीत १-१ बरोबरी साधून ही जागा मिळाली होती. पण गटात उरुग्वे, इटली आणि स्वीडन! उरुग्वे व इटली तोवर प्रत्येकी दोनदा जगज्जेते झालेले. शिवाय इटली १९६८ चा युरोपविजेता. लोदला आमच्या मामांच्या दोन खोल्यांच्या घरात रोज संध्याकाळी चर्चा रंगे. मामा मुंबईत असताना कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघत, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. ते म्हणत, "लिहून ठेवा, पोत्याने गोल खाऊन येतील!"

२ जूनला उरुग्वेने २-० असे हरवले. मामा म्हणाले, "ह्यांनी नाक कापलं. कशाला गेले एवढ्या लांब?" ७ जूनला स्वीडनशी १-१ बरोबरी झाली, आपला गोल मोर्देखाय श्पीग्लरचा. ११ जूनला बलाढ्य इटलीशी ०-० बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी मामा जिन्यात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "आपण इटलीला एक गोल करू दिला नाही!" पुढे इटलीने त्या स्पर्धेचा अंतिम सामना गाठला, तेव्हा तर त्यांचा आवाज आणखी चढला. आपला संघ गटात शेवटचा आला, हे त्यांनी सांगितले नाही. नऊ दिवसांत 'ह्यांनी'चे 'आपण' झाले. संघ तोच होता, मामाही तेच होते. त्यांना कोणी हटकले नाही. आम्हीही टाळ्याच वाजवल्या.

मग काय, टीका करूच नये? तसे आम्हाला म्हणायचे नाही. दोष दिसत असताना गप्प बसणे ही खुशामत झाली, आणि खुशामतीने कोणताही संघ सुधारत नाही. परंतु फॉर्म म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९८२ च्या स्पर्धेपूर्वीचा इटलीचा संघ पाहा. पावलो रॉस्सी हा आघाडीचा खेळाडू सामन्यांच्या सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतला होता. त्याला संघात घेतले म्हणून प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांच्यावर तिकडच्या वृत्तपत्रांनी झोड उठवली. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. रॉस्सीच्या नावावर एकही गोल नाही. टीकाकारांची माहिती तोवर अगदी बिनचूक होती. मग त्याच रॉस्सीने ब्राझीलविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध एक गोल केला, आणि इटली जगज्जेता झाला. फॉर्म हा कालचा हिशेब असतो. त्यावरून उद्याचा अंदाज खुशाल बांधावा; माणसाचा निकाल लावू नये.

इथे कोणी विचारील, मैदानात धावणारे अकरा. घरात बसून चिवडा खाणाऱ्याला 'आपण' म्हणण्याचा अधिकार मुळात आलाच कोठून? शंका रास्त आहे. आमचे उत्तर असे, की हा अधिकार विजयाच्या दिवशी मिळत नाही. त्या दिवशी तर सगळेच 'आपण' होतात. पराभवाच्या रात्री जो उठून जात नाही, ज्याला ती हार आपली वाटते, त्यालाच पुढच्या विजयात वाटा मागता येतो. टीकेचा अधिकारही त्यालाच. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आई चार शब्द सुनावते, पण प्रगतिपुस्तकावर सही तीच करते. 'हा माझा नव्हे' असे म्हणून ती मोकळी होत नाही.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. १९६४ साली आशिया करंडकाची स्पर्धा इस्राएलमध्ये झाली. चारच संघ, आणि त्यांत इस्राएल व भारत दोन्ही. भारतानेही दोनच वर्षांपूर्वी जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. इस्राएलने भारतावर २-० असा विजय मिळवला, करंडकही जिंकला. भारत दुसरा आला. घरातील वडीलधारी सांगत, की त्या दिवशी कोणाच्या बाजूने ओरडावे तेच कळेना. एक मन नाचायला उठे, दुसरे खाली बसे. त्या दिवशी आपल्या घरात 'ते' म्हणायला कोणी उरलेच नव्हते.

आणि त्याच वर्षी आपल्याविषयी मात्र इतरांच्या तोंडी 'ते' हा शब्द होता. विवाहाच्या बाबतीत बेने इस्राएल पूर्ण यहुदी आहेत की नाहीत, अशी शंका घेतली जात होती. आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत, असे जाहीर केले. त्या दुःखाची आणि फुटबॉलची बरोबरी आम्ही करीत नाही. पण ज्याला एकदा दाराबाहेर उभे केले गेले, त्याने दुसऱ्याला 'ते' म्हणताना जीभ आवरायला हवी, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

२००५ सालच्या मार्च महिन्यात रामत गानला आयर्लंडविरुद्ध सामना चालू होता. इस्राएल एका गोलाने मागे, वेळ संपत आलेली. तेवढ्यात सखनीनचा अब्बास सुवान याने दुरून चेंडू मारला आणि बरोबरी साधली. तो अरब, त्यापूर्वी काही प्रेक्षकांनी 'हा आमचा प्रतिनिधी नव्हे' म्हणून त्याची हुर्यो उडवली होती. चारच दिवसांनी फ्रान्सविरुद्धही अरब खेळाडूनेच, वलीद बदीर याने, बरोबरी साधली. त्या पात्रता फेरीत इस्राएल एकही सामना हरला नाही, तरी २००६ च्या जागतिक करंडकात जागा मिळाली नाही. त्या दोन रात्री सारे 'आपण' म्हणाले. पण सुवानचा तो चेंडू गोलात गेला नसता तर? त्याला 'आपण'मध्ये ठेवणारे किती निघाले असते? वाचकांनी स्वतःच्या मनाशी याचे उत्तर द्यावे. आमचे उत्तर आम्हाला फारसे सुखाचे वाटत नाही.

असो. मामा आता हयात नाहीत. ते असते तर पुढच्या स्पर्धेपूर्वीही त्यांनी संघाचे वाभाडे काढले असते, आणि आम्ही त्यांना अडवले नसते. फक्त एवढेच सुचवले असते, की मामा, 'त्यांचा बचाव कच्चा आहे' असे म्हणू नका. 'आपला बचाव कच्चा आहे' म्हणा. दोष तोच राहतो, पण तो आपल्या घरात येतो. आणि हरलोच, तर त्या रात्री 'आपण हरलो' असे म्हणून सगळ्यांच्या कपात चहा ओतावा.