नित्यवाचनाचें मर्म

बायबलाचें नित्य वाचन करणाऱ्यास लोक विचारतात, जें एकदां वाचून समजलें तें पुन्हां रोज कशासाठीं? वाचनाचें फळ केवळ माहिती हेंच असेल, तर हा आक्षेप बिनतोड होय. परंतु आम्हांस तसें वाटत नाहीं.

प्रॉटेस्टंट बायबलांत जुन्या कराराचे ९२९ व नव्या कराराचे २६० अध्याय आहेत. रॉबर्ट मरे मक्‌चेन या स्कॉटिश धर्मोपदेशकानें १८४२ सालीं आपल्या मंडळीस वर्षभराचा वाचनक्रम आंखून दिला. त्यांत नवा करार वर्षांतून दोनदां येतो. अशा क्रमाचा खरा गुण हा कीं, तो निवडीचा अधिकार वाचकाच्या हातून काढून घेतो. मनाजोगतीं स्तोत्रेंच वाचणारा अखेर स्वतःचाच आवाज ऐकतो. क्रमानें वाचणाऱ्यास नकोसा अध्याय टाळतां येत नाहीं.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायांतील दृष्टान्त पाहा. द्राक्षमळ्यांत दिवसभर राबलेल्यांस आणि शेवटचा एकच तास काम केलेल्यांस धनी सारखीच मजुरी देतो. आम्ही दर वेळीं राबलेल्यांचीच बाजू घेतों. वस्तुतः त्यांच्या ठरलेल्या मजुरींत कांहींच उणें झालेलें नसतें. सलतें तें दुसऱ्यास मिळालेलें. तरुण सहकाऱ्यास आपल्याइतका मान मिळाला म्हणजे पन्नाशीच्या गृहस्थांस हा सल ओळखीचा वाटेल.

दृष्टान्ताचा अर्थ एका वाचनांत कळतो. आपल्या मनांतील असूयेला आपण न्यायबुद्धि म्हणत आलों, हें कळावयास मात्र तोच अध्याय वर्षानुवर्षें समोर यावा लागतो.