पुनरारोहण

पडलेल्या मनुष्यानें पुन्हां उठावें, हा उपदेश इतका जुना व इतका सर्वमान्य आहे कीं, त्यांत विचार करण्याजोगें कांहीं उरलें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु उठणें ही एक गोष्ट, आणि जेथून पडलों तेथेंच पुन्हां चढणें ही दुसरी. पहिलीविषयीं मतभेद नाहीं; दुसरीविषयीं मात्र शहाण्या माणसांतही दोन तट पडतात. ह्या वादाचें एक लहानसें पण बोलकें उदाहरण म्हणून डोंगरी सायकलीचा, म्हणजे ज्यास हल्लीं सर्वत्र माउंटन बाइकिंग म्हणतात त्याचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. गळपट्टीचें हाड मोडून सांधल्यावर त्या सायकलीवर पुन्हां बसणें, हें धैर्य कीं अविचार?

हा खेळ निघाला तोच मुळीं उतारावरून धांवण्याच्या हौसेंतून. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत फेअरफॅक्स गांवाजवळ कांहीं तरुणांनीं १९७६ सालीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. उतार असा बिकट कीं, मागच्या चाकांतील ब्रेक तापून त्यांतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरूनच त्या शर्यतीस ‘रीपॅक’ हें नांव पडलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत ह्या खेळास स्थान मिळालें. येथें संकट बाहेरून येत नाहीं. तें खेळाच्या पोटांतच आहे. दगड, झाडांचीं मुळें व घसरडी माती वाटेंतून काढून टाकली, तर सायकल उरेल, पण खेळ उरणार नाहीं.

अशा वाटेवर मनुष्य पडला म्हणजे बहुधा खांद्यावर पडतो, आणि त्या आघाताचा भार गळपट्टीच्या हाडावर येतो. ह्या हाडाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. गर्भामध्यें सर्वांच्या आधीं कठीण होऊं लागणारें हाड हेंच. आणि त्याचें आंतलें टोंक पूर्णपणें जुळून येतें तें मात्र विशी उलटल्यावर, म्हणजे जवळजवळ सर्वांच्या शेवटीं. हात व धड ह्यांस जोडणारा हाडाचा दुवा काय तो हा एकच. तो तुटला कीं प्रौढ मनुष्यास साधारण सहा ते बारा आठवडे दम धरावा लागतो. हात झोळींत अडकतो आणि सदऱ्याचें बटण लावण्यास दुसऱ्याचीं बोटें लागतात. मोडलेलें हाड सांधल्यावर पूर्वीपेक्षां बळकट होतें, असा एक गोड समज लोकांत आहे. सांध्याच्या जागीं कांहीं काळ गांठ जाड राहते हें खरें; पण शरीर पुढें तीही झिजवून हाड पूर्ववत् करूं पाहतें. आघातानें हाड वीर होत नाहीं. मनुष्यही केवळ आघातानें होत नाहीं.

आतां दोन पक्षांचें म्हणणें पाहूं. एक पक्ष म्हणतो, घोड्यावरून पडलेल्यानें भय मनांत घर करण्यापूर्वींच पुन्हां मांड ठोकावी. दुसरा म्हणतो, दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकही फुंकून प्यावें. दोहोंतही तथ्य आहे. पण दोहोंतही एक समान दोष आहे. पहिला भयाला शत्रु समजून त्याचा निःपात करूं पाहतो. दुसरा त्याला राजा समजून त्याच्यापुढें मान तुकवतो. भयाला साक्षीदार समजून त्याची जबानी शांतपणें ऐकून घ्यावी, हें दोघांसही सुचत नाहीं.

प्लेटोच्या ‘लाखेस’ नामक संवादांत साक्रेटीस असा प्रश्न काढतो कीं, बुडी मारण्याची कला अवगत नसतां जो विहिरींत उडी घेतो, त्याला कलावंतापेक्षां अधिक शूर म्हणावयाचें काय? गीतेच्या अठराव्या अध्यायांत तर ह्या बाबतींत अधिकच नेमकी कसोटी सांगितली आहे. परिणाम, हानि, पीडा व स्वतःचें सामर्थ्य ह्यांचा विचार न करितां आरंभिलेलें कर्म तेथें तामस ठरविलें आहे; आणि भय कशाचें धरावें व कशाचें धरूं नये हें जाणणें, हें सात्त्विक बुद्धीच्या लक्षणांत गणिलें आहे. ह्या चार गोष्टींपैकीं एकही न पाहतां जो सायकलीवर चढतो, त्याची छाती कितीही मोठी असली तरी त्याच्या कृतीस धैर्य म्हणवत नाहीं.

ही कसोटी दोन प्रसिद्ध उदाहरणांस लावून पाहूं. १९५६ च्या इटलीच्या महाशर्यतींत फिओरेंझो माग्नी ह्याचें गळपट्टीचें हाड मोडलें. डाव्या हातांत जोर उरला नाहीं, म्हणून त्यानें हँडलाला ट्यूबचा तुकडा बांधून तो दांतांत धरला व चढ चढला. पुढें पुन्हां पडून दंडाचेंही हाड मोडून घेतलें. आणि तरीही शेवटीं दुसरा आला. त्याचें दांतांत रबर धरलेलें छायाचित्र आजही लोक आदरानें पाहतात. त्याच्या सोशिकपणापुढें आमचाही हात आपोआप जोडला जातो. परंतु तो कित्ता म्हणून विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यास आम्ही धजत नाहीं. दुसरें उदाहरण डोंगरी सायकलीचेंच आहे. इंग्लंडचा टॉम पिडकॉक ह्याचें तेंच हाड २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस मोटारीच्या धडकेनें मोडलें, शस्त्रक्रिया झाली, आणि २६ जुलै रोजीं जपानांतील इझू येथें त्यानें ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकिलें. मोडलेलें हाड घेऊन धांवणें आणि तें शस्त्रवैद्याकडून सांधून घेऊन परत येणें, ह्यांतील अंतर आठवड्यांत मोजण्याचें नाहीं. तें विचाराचें अंतर आहे. त्याच शर्यतींत नेदर्लंड्सचा नाणावलेला वीर माथ्यू फान डर पूल एका उंच खडकावरून आपटला. खालीं फळी असेल अशी त्याची समजूत होती व ती तेथें नव्हती. वाटेचें ज्ञान चुकलें तर कलावंतही विहिरींत बुडतो, असा ह्याचा अर्थ.

येथवर हानि व सामर्थ्य ह्यांचा विचार झाला. परंतु आमच्या मतें प्रश्नाचें मर्म ह्याहून खोल आहे. तरुण मनुष्य प्रथम डोंगरावर सायकल घालतो, तेव्हां त्यानें संकट पत्करिलेलें असतें असें आपण म्हणतों. पण जें ठाऊकच नाहीं तें पत्करलें कसें म्हणावें? अपघात दुसऱ्यांस होतात, अशीच त्याची मनोमन खात्री असते. हाड मोडल्यावर ती खात्री जाते. पुन्हां चढतांना वेदना, झोपेविना काढलेल्या रात्री व परावलंबन हीं सर्व त्यास नांवानिशीं ठाऊक असतात. म्हणून दुसरें आरोहण हें पहिल्याची पुनरावृत्ति नव्हे. खऱ्या अर्थानें निर्णय म्हणावा असें पहिलें आरोहण तेंच होय.

आणि ह्या निर्णयांत तो एकटा नसतो. आमच्या परिचयाच्या एका तरुणाची आई त्याला म्हणाली, “हाड तुझें मोडलें, पण दोन महिने घांस मी भरवले, मला विचारल्याशिवाय जाऊं नकोस.” ह्या बोलण्यांत आम्हांस केवळ मायेची कुरकुर दिसत नाहीं. ज्यांनीं आपल्या पडण्याचा भार वाहिला, त्यांस आपल्या चढण्याविषयीं बोलण्याचा अधिकार आहे. मात्र तो ऐकवून घेण्याचा अधिकार आहे, बांधून ठेवण्याचा नव्हे. कारण ज्या शरीराला कधींच दुखूं द्यावयाचें नाहीं, त्याला जगूंही देतां येत नाहीं.

तात्पर्य, भयाची जबानी घेतली, हाडाला त्याचा काळ दिला, घरच्यांचें ऐकलें, आणि मग जो डोंगराची वाट धरतो, तो उतारावर एके ठिकाणीं खालीं उतरून सायकल हातांत धरून चालत गेला तरी आमच्या लेखीं शूरच आहे. आणि तितकाच विचार करून ज्यानें सायकल कायमची भिंतीस टेकविली, त्यासही भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणास पोंचत नाहीं. लाज वाटावी असे दोघेच: एक, मित्र हंसतील म्हणून चढणारा, आणि दुसरा, स्वतःला न विचारतांच थांबणारा.