जंतूचा दोष कोणता?

१९९४ सालच्या पावसाळ्यांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीचा प्लेग आढळला. त्या दिवसांत बीडकडून किनवटास आलेल्या एका स्नेह्यास आम्हीं अंगणांतूनच परत लाविलें, आणि दोष ‘दुष्ट जंतू’च्या माथीं मारून मोकळे झालों.

परंतु जंतु खरोखर दुष्ट असतो काय? २००१ सालीं प्लेगच्या जंतूचा जनुकसंच, म्हणजे ४६ लक्षांहून अधिक अक्षरांचा त्याचा वंशलेख, समग्र वाचला गेला. तुलनेनें असें दिसलें, कीं आंतड्यांचा बहुधा सौम्य विकार करणाऱ्या एका जंतूपासूनच हा उत्पन्न झाला. कांहीं जनुकें त्यानें इतर जंतूंकडून उचललीं, तर सुमारें दीडशें निकामी झालीं. थोडी उसनवारी व बरीच झीज, एवढाच काय तो फरक. दुष्टपणाचें निराळें अक्षर त्यांत नाहीं.

पुढें २०११ सालीं, लंडनमध्यें १३४८ च्या साथींत पुरलेल्यांच्या दांतांतून जुन्या जंतूचाही लेख मिळाला. तो आजच्याहून फारसा भिन्न नाहीं. मग प्लेग आज तितका संहार कां करीत नाहीं? जंतु सुधारला नाहीं. मनुष्याचीं घरें, औषधें व राहणी बदलली, हेंच मुख्य कारण दिसतें.

ज्यास निवड असते, दोष त्यासच लागतो. आमच्या स्नेह्यास ना ताप होता, ना गांठ. तो केवळ बीडकडून आला होता. जंतूस निवड नव्हती. त्या संध्याकाळीं अंगणांत आम्हांस ती होती.