ताप आणि तप

आपल्या भाषेने उष्णतेला फार मोठा मान दिला आहे. ‘ताप’ आणि ‘तप’ हे एकाच धातूपासून निघालेले शब्द. दोहोंत फरक एका कान्याचा. संताप, अनुताप, पश्चात्ताप अशा मनाच्या किती तरी अवस्था आपण आचेच्या भाषेत सांगतो. माणूस पारखून घ्यायचा झाला की तो तावून सुलाखून घेतला म्हणतो. आणि कोणी कष्टाने कुरकुरू लागला, तर टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही ही म्हण त्याच्यासाठी तयारच असते.

या म्हणींत तथ्य नाही असे कोण म्हणेल? सोसून मोठी झालेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. परंतु या म्हणी बहुधा कोणाच्या तोंडी असतात, इकडे जरा लक्ष दिले तर मन चरकते. सोसणारा त्या क्वचित उच्चारतो. सोसायला लावणाराच त्या अधिक वापरतो. सून घरात येऊन चार महिने होत नाहीत तोच तिला ऐकवले जाते, “आम्ही नाही का सोसले?” कारखान्यातला जुना मिस्त्री नव्या पोऱ्याला हेच सांगतो, छडी उगारणारा मास्तर हेच सांगत असे. तेव्हा प्रश्न असा, की ताप खरोखरच घडवतो का? आणि घडवत असेल, तर दुसऱ्याला ताप देण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळतो का?

म्हणींनी साक्षीला बोलावलेले सोने आणि दगड हे दोन्ही निर्जीव आहेत. भाजताना आणि फुटताना त्यांचे काय होते, हे त्यांना विचारण्याची सोय नाही. साक्षच काढायची तर ती सजीवाची काढावी, आणि सजीवांत सर्वांत लहान अशी जी पेशी, तिच्यापासूनच सुरुवात करावी. सुदैवाने तिची साक्ष गेल्या साठ वर्षांत बरीच तपशीलवार नोंदली गेली आहे.

तिची सुरुवात एका योगायोगाने झाली. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी जी चिलटे आपण हाताने वारतो, त्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथींत राक्षसी आकाराची गुणसूत्रे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्यांवरचे आडवे पट्टे दिसतात. ज्या ठिकाणी जनुक कामाला लागलेले असते तेथे गुणसूत्र फुगलेले दिसते. फेरुच्चो रितोस्सा हे इटालियन शास्त्रज्ञ हे फुगवटे पाहत असताना एके दिवशी त्यांना ते नेहमीच्या जागी न दिसता भलत्याच जागी दिसले. शोध घेता कळले, की एका सहकाऱ्याने इन्क्युबेटरचे तापमान वाढवले होते. उष्णता लागताच काही जनुके झोपी गेली होती आणि आजवर निजलेली काही खडबडून जागी झाली होती. एका मान्यवर नियतकालिकाला या निरीक्षणात काही महत्त्वाचे वाटले नाही. अखेर १९६२ साली ते दुसरीकडे प्रसिद्ध झाले. पुढे बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या जागृत जनुकांपासून काही विशिष्ट प्रथिने तयार होतात. त्यांना ‘हीट शॉक प्रोटीन’ म्हणजे उष्णता-आघाताची प्रथिने असे नाव पडले. माशीपुरती वाटणारी ही गोष्ट नंतर जीवाणूंत आढळली, वनस्पतींत आढळली, आणि माणसातही आढळली.

आता ही प्रथिने करतात काय? त्यासाठी आधी उष्णता काय बिघडवते ते पाहिले पाहिजे. पेशीतले बहुतेक काम प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी. पण साखळी म्हणून ती निरुपयोगी असते. ती विशिष्ट प्रकारे घडी घालून गुंडाळली गेली, तरच तिला काम करता येते. या घडीत पाण्याला भिणारे भाग आत दडतात आणि पाण्याशी मैत्री असणारे बाहेर राहतात. उष्णता वाढली की घडी उसवते, आतले भाग उघडे पडतात, आणि अशी उघडी पडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग म्हणजे नेमका हाच प्रकार. तो पांढरा भाग थंड केला म्हणून पुन्हा पातळ होत नाही.

म्हणींना पहिला धक्का येथे बसतो. उष्णतेने प्रथिन कणखर होत नाही; ते उसवते. सामान्यतः तापाने घडण होत नाही, मोडतोड होते.

मग पेशी तगते कशी? तर या उष्णता-आघाताच्या प्रथिनांमुळे. त्यांतली बरीचशी उघड्या पडलेल्या प्रथिनांना नुसती आधाराला धरतात. भलत्याशी चिकटू देत नाहीत, थोडा वेळ सांभाळतात, सोडून देतात. घडी नीट बसली नाही तर पुन्हा धरतात. यासाठी पेशीला आपली शक्ती खर्च करावी लागते. काहींचा आकार झाकणाच्या डब्यासारखा असतो. गोंधळलेले प्रथिन त्यात दहाएक सेकंद एकटे ठेवले जाते, म्हणजे गर्दीपासून दूर त्याला आपली घडी घालता यावी. या प्रथिनांना इंग्रजीत ‘शॅपरोन’ म्हणतात. जुन्या युरोपीय समाजात तरुण मुलींबरोबर जी वडीलधारी बाई सोबतीला जात असे, तिचे हे नाव. आपल्याकडे याहून सुंदर शब्द आहे : पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी, परक्या घरात पहिले चार दिवस तिची पाठ राखणारी.

हा शब्द आणखी एका कारणाने योग्य आहे. पाठराखीण नवरीला नवा स्वभाव देत नाही. क्रिश्चियन अ‍ॅन्फिन्सेन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या कामासाठी, त्याचा निष्कर्ष असा होता, की प्रथिनाने कोणता आकार घ्यायचा हे त्याच्या साखळीतल्या क्रमातच लिहिलेले असते. बाहेरून कोणी तो आकार शिकवत नाही. पाठराखीण प्रथिने फक्त त्या आकाराला येण्याइतका अवकाश मिळवून देतात. आपण मुलांना ‘घडवतो’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईबापाने यावर क्षणभर विचार करावा.

पेशीला आच लागल्याचे कळते कसे, हेही मोठे विलक्षण आहे. मदतीची हाक देणारे एक प्रथिन पेशीत असते. शांततेच्या काळात पाठराखिणीच त्याला धरून गप्प बसवतात. उष्णता वाढली की त्या उसवलेल्या प्रथिनांच्या मदतीला धावतात. त्याला धरायला कोणी उरत नाही. ते मोकळे होते, तिघे-तिघे एकत्र येतात, जनुकांवर जाऊन बसतात आणि नव्या पाठराखिणी तयार होऊ लागतात. त्या काळात नेहमीची पुष्कळशी प्रथिनांची निर्मिती मागे पडते. डागडुजी झाली, हात मोकळे झाले, की त्यांतल्याच काही परत येऊन हाक देणाऱ्याला शांत करतात. म्हणजे पेशी मुख्यतः अंश मोजत नाही. पडलेल्यांना उचलायला हात कमी पडत आहेत, हे ओळखते. घरातल्या माणसाला किती ताप सोसतो, हे आपण मात्र नेहमी बाहेरच्या अंशांवरून ठरवतो. “एवढ्याशाने काय होते” हे वाक्य त्यातूनच येते.

येथे तापाचा कैवारी म्हणेल, “पण सौम्य ताप दिलेली पेशी पुढे कडक ताप सोसते, हे खरे ना?” खरे आहे. आधी थोडी आच लावून, मग काही तास विश्रांती देऊन, पुन्हा मोठी आच लावली, तर एरवी मेल्या असत्या अशा कित्येक पेशी जगतात. पण या वाक्यातली विश्रांती गाळू नये. पेशी बळकट होते ती आचेत भाजत असताना नव्हे, तर आच ओसरल्यावर आणि पाठराखिणी जमल्यावर. शिवाय हे बळ काही दिवसांत उतरते. पाठराखिणींचे प्रमाण कायम चढते ठेवले तर पेशीची वाढच मंदावते. सतत सज्ज राहणाऱ्याला वाढायला सवड नसते.

आणि एक गोष्ट कैवाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रयोगाच्या बशीत मोजल्या जातात त्या जगलेल्या पेशी. “मला तापाने घडवले” असे सांगायला जी माणसे येतात, तीही अशीच जगलेली. ज्यांची घडी कायमची मोडली, ती सांगायला येत नाहीत.

तथापि दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. अंटार्क्टिकाच्या समुद्रात, जेथे पाणी गोठणबिंदूच्या आसपास असते, तेथल्या एका माशाविषयी २००० साली असे प्रसिद्ध झाले, की त्याला ऊब दिली तरी त्याच्या पेशी नव्या पाठराखिणींची जमवाजमव करीत नाहीत. लक्षावधी वर्षे ज्यांच्या कुळाला आच लागलीच नाही, त्यांची हाक देण्याची रीतच नाहीशी झाली. मुलांना वाऱ्यालाही लागू न देणाऱ्या घरांसाठी ही साक्ष आहे. तेव्हा पेशीचे म्हणणे ‘ताप नको’ असे नाही. पेलवेल एवढा ताप, त्यात कोणाचा तरी हात, आणि नंतर विसावा, असे ते आहे.

पाठराखिणींनाही अंत आहे, हे घरोघरी दिसते. डोळ्यातल्या भिंगात अशाच जातीचे एक प्रथिन असते. भिंगाच्या आतल्या पेशी नवी प्रथिने बनवण्याचे थांबवतात, त्यामुळे आयुष्याच्या आरंभी जमलेल्या शिदोरीवरच ते प्रथिन साठ-सत्तर वर्षे इतरांना चिकटू न देण्याचे काम करते. शिदोरी संपत आली की गोळे होऊ लागतात आणि भिंग धूसर होते. मोतीबिंदूची कारणे अनेक, पण त्यांत हे एक आहे. ज्या घरात एकच व्यक्ती सर्वांची पाठ राखते, आणि तिची पाठ कोणी राखत नाही, त्या घराने हे विसरू नये.

पेशीवरून नीती काढता येते का, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. पेशीला इच्छा नाही, विवेक नाही. तिच्या पाठराखिणी पात्र-अपात्र पाहत नाहीत. कर्करोगाच्या पेशीही त्यांच्याच आधाराने तग धरतात. निसर्गात आहे म्हणून ते चांगले, असे म्हणता येत नाही. परंतु जो निसर्गाचा दाखला देऊन दुसऱ्याला ताप देतो, त्याला त्याचाच साक्षीदार उलट बोलतो एवढे दाखवण्याचा अधिकार आपल्याला आहे.

माणसाजवळ पेशीहून एक गोष्ट जास्त आहे. तो आपल्या तापाला अर्थ देऊ शकतो. कोणी आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहावे आणि म्हणावे, की तो ताप नव्हता, ते तप होते. हे म्हणण्याचा त्याचा हक्क कोणी हिरावून घेऊ नये. मात्र मधला काना पुसण्याचा हा हक्क ज्याने सोसले त्याचा एकट्याचा आहे. दुसऱ्याच्या तापाला आपण तप म्हणू लागलो, की आपला हात त्याला धरायला पुढे होत नाही. आणि धरणारे हात कमी पडले की काय होते, हे त्या इवल्याशा पेशीलाही कळते.