अस्तेय आणि अवजार

सावनेरच्या विद्यार्थ्याने महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरली, तर तो अस्तेयव्रताचा भंगच; गरिबीची सबब पुरत नाही. पण वाट बंद नाही. लाझारस हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन फुकट मिळते आणि त्यात एकदा लिहिलेल्या कोडवरून विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींसाठी प्रोग्राम तयार करता येतो. साधन असे फुकट दिल्याने कर्त्याच्या श्रमाचे मोल बुडते, हा आक्षेप गंभीर आहे. मात्र मोल घेणे वेगळे, विद्या कुलूपबंद ठेवणे वेगळे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत जपले. त्या लिपीची किल्ली पंथापुरतीच राहिल्याने इतर मराठी वाचक शतकानुशतके त्या देखण्या गद्याला मुकला. बंद साधनांतही परवाना सरला की स्वतःचेच काम हाती लागेनासे होऊ शकते. फुकटच्या साधनामागे अनेकदा कंपनी नसते, हे खरे. म्हणूनच वापरणाऱ्याने दोष कळवावेत, जमेल ती भर घालावी. सावनेरच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला असे साधन मुलांपुढे ठेवावे.