आज्ञा आहे, आज्ञा देणारा नाही

औपचारिक इंग्रजीत नीतीचा नियम सांगताना 'वन' हे सर्वनाम कर्त्याच्या जागी येते आणि त्याला 'मस्ट', 'शुड' किंवा 'ऑट' यांपैकी एखाद्या सहायक क्रियापदाची जोड मिळते. हा 'वन' विशिष्ट कोणी नसतो, आणि म्हणूनच त्यातून कोणाची सुटका नसते. मराठीत त्यासाठी सर्वनामही लागत नाही; 'दिलेला शब्द पाळावा' एवढे पुरते. दोन्हीकडे आज्ञा ऐकू येते, ती कोणाची हे मात्र वाक्य सांगत नाही. मग असे कर्तव्य बंधनकारक ठरते ते कशाच्या बळावर?

ब्रिटिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५८ साली 'मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी' या निबंधात हा प्रश्न फार कठोरपणे विचारला. यंत्राला तेल घातले पाहिजे, यात गूढ काहीच नाही; तेल नसेल तर यंत्र बिघडते. पण 'खोटे बोलता कामा नये' यातल्या 'ऑट'ला एखाद्या निवाड्याचे वजन असते. ॲन्स्कम यांच्या मते ते ईश्वराला विधिकर्ता मानणाऱ्या ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतून आले. पुढे श्रद्धा ओसरली, शब्दाचा दरारा तेवढा राहिला. फौजदारी कायदा आणि न्यायालये बंद झाल्यावरही 'गुन्हेगार' ही कल्पना शिल्लक राहावी, तसा. त्या स्वतः निष्ठावान कॅथलिक होत्या. त्यांचा रोख ईश्वर वगळून 'ऑट' वापरत राहणाऱ्यांवर होता. अशांनी तो शब्द सोडावा आणि कृत्याला सरळ 'अन्यायाचे' किंवा 'असत्याचे' म्हणावे, हा त्यांचा सल्ला.

आज्ञेला कर्ता हवाच, हे गृहीतच वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाला मान्य नाही. वेद अपौरुषेय आहेत, माणसाने रचले नाहीत आणि ईश्वरानेही नाहीत, अशी मीमांसकांची भूमिका. कुमारिल भट्टांनी तर जगाच्या निर्मात्याची कल्पनाच खोडून काढली. तरीही वेदातला विधी बांधतो. कसा, हे 'यजेत' (यज्ञ करावा) या एका क्रियापदातून उलगडले जाते. त्यात 'यज्' हा धातू आहे आणि विध्यर्थाचा प्रत्यय आहे. माणसाला कृतीकडे वळवणारी प्रेरणा, म्हणजे शाब्दी भावना, या प्रत्ययात असते. मालक नोकराला गाय आणायला सांगतो तेव्हा ती प्रेरणा मालकाच्या मनातला अभिप्राय असते. वेदाला वक्ताच नाही, म्हणून तिथे ती शब्दातच राहते. दुसरे मीमांसक प्रभाकर यांनी हेच वेगळ्या वाटेने मांडले: विध्यर्थाने कळतो तो नियोग, म्हणजे 'हे केलेच पाहिजे' असा आदेश, आणि तो पार पाडणे हेच कर्तव्य.

मीमांसकांनी आज्ञा देणारा काढून टाकला, पण आज्ञा ज्याला लागू होते त्याला सोडले नाही. प्रत्येक विधीला अधिकारी हवा, म्हणजे त्याचे फळ हवे असलेला आणि तो करण्यास पात्र असलेला माणूस. विश्वजित् यागाचे फळ वेदात सांगितलेले नाही. मग तो करणार कोण? मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी यांच्या परंपरेने तिथे स्वर्ग हे फळ मानले, कारण ते सर्वांनाच हवे असते. हा अधिकारी इंग्रजीतल्या 'वन'इतका मोकळा नाही. त्याची इच्छा ठरलेली असते, आणि शूद्राला वैदिक यज्ञाचा अधिकार नाकारण्यापर्यंत त्याची व्याख्या अरुंद होत गेली. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याची नैतिक आज्ञा याच्या उलट आहे: ती कोणत्याही इच्छेवर अवलंबून नाही आणि प्रत्येक विवेकी जीवाला सारखीच लागू पडते. या व्याप्तीत कांट निःसंशय उजवा आहे.

मीमांसेचे उत्तर ॲन्स्कम यांच्या आक्षेपाला खरोखर भिडते, मात्र त्याची किंमत मोठी आहे. त्यासाठी शब्द नित्य मानावा लागतो आणि वेद स्वतःप्रमाण मानावे लागतात. ज्याला हे दोन्ही मान्य नाही, त्याला ते उत्तर उसने घेता येत नाही. कर्तव्याचे बळ विवेकात, समाजात की ईश्वरात, हे त्याला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. वाक्यातून कर्ता वगळल्याने ते सिद्ध होत नाही.